करुणेची उलटतपासणी

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतल्या खटल्यात एक क्षण असा येतो की त्यानंतर पुराव्याला काही किंमतच उरत नाही. टॉम रॉबिन्सन हा पंचवीस वर्षांचा कृष्णवर्णीय शेतमजूर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. मायेला युएल या गोऱ्या मुलीवर त्याने बलात्कार केला, असा आरोप आहे. जाता-येता तो तिला लाकडं फोडून द्यायचा, जड काही उचलून द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा नाही. असं का करायचास, असं सरकारी वकील विचारतो. टॉम खरं ते सांगून टाकतो: त्याला तिची कीव यायची. घराचा सगळा गाडा ती एकटी ओढत होती आणि तिला हातभार लावायला कुणी नव्हतं. हे उत्तर ऐकताच कोर्टातली गोरी माणसं अस्वस्थ होतात आणि आपण भलतंच बोलून बसलो, हे टॉमलाही कळतं. 1930च्या दशकातल्या अलाबामात काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करणं हा गुन्हा होता. तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नव्हता, तरी प्रत्येकाला ठाऊक होता. कीव वरच्याने खालच्याची करायची असते, आणि टॉमने ती उतरंड मोडली होती. टॉमच्या विरोधातला सर्वांत घातक पुरावा कुठला, असं विचारलं तर त्याचं उत्तर हेच द्यावं लागेल: त्याची स्वतःची करुणा.

या कादंबरीतला वकील अ‍ॅटिकस फिंच याच्याबद्दल गेली सहा दशकं जे लिहिलं-बोललं जातं, त्यात हा क्षण अनेकदा मागे पडतो. कादंबरी 1960 साली आली, 1961मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि 1962च्या चित्रपटात ग्रेगरी पेकने अ‍ॅटिकसला चेहरा दिला. 1997मध्ये अलाबामाच्या वकील संघटनेने लेखिकेच्या गावी, मनरोविलमध्ये, अ‍ॅटिकसचं स्मारक उभारलं. कल्पनेतल्या माणसाचा असा गौरव खऱ्या वकिलांनी करावा, ही साधी गोष्ट नाही. मात्र या गौरवामागे बहुतेकदा एक सोपं गृहीत असतं: अ‍ॅटिकस थोर, कारण तो दयाळू होता. मला हे गृहीत अपुरं वाटतं, आणि धोक्याचंही वाटतं. त्या कोर्टात दयेची टंचाई कधीच नव्हती. ज्युरीच्या बारा गोऱ्या पुरुषांनाही दया आलीच होती. ती एकोणीस वर्षांच्या, मार खाल्लेल्या, रडणाऱ्या मायेलाची आली, आणि त्याच दयेच्या आधाराने त्यांनी निरपराध माणसाला दोषी ठरवलं. दया ज्युरीपाशी होती आणि अ‍ॅटिकसपाशीही होती. फरक एवढाच की अ‍ॅटिकसने आपली दया पुराव्याच्या ताब्यात दिली, ज्युरीने पुरावा आपल्या दयेच्या ताब्यात दिला. माझं म्हणणं इतकंच आहे: वकिलाची करुणा पुराव्याच्या शिस्तीत राहिली तरच ती दुर्बळाच्या कामी येते, आणि ती शिस्त पाळणं यालाच त्या व्यवसायात सचोटी म्हणावं.

अ‍ॅटिकसने कोर्टात नेमकं काय केलं, ते बारकाईने पाहिलं की हे स्पष्ट होतं. त्याने आधी विचारलं की डॉक्टर बोलावला होता का. बोलावलाच नव्हता, म्हणजे बलात्कार झाल्याचा वैद्यकीय पुरावाच नव्हता. मग त्याने मार चेहऱ्याच्या कुठल्या बाजूला होता, हे शेरीफकडून वदवून घेतलं. उजव्या. समोरून उजव्या गालावर असे घाव घालणारा माणूस बहुधा डावरा. मग मुलीचा बाप बॉब युएल याला त्याने कागदावर नाव लिहायला लावलं, आणि त्याने ते डाव्या हाताने लिहिलं. शेवटी टॉम उभा राहिला, तेव्हा सगळ्यांना दिसलं की त्याचा डावा हात निकामी आहे. लहानपणी तो सरकी काढण्याच्या यंत्रात सापडला होता. या सगळ्यात वक्तृत्व कुठेच नाही. एका माणसाचं म्हणणं खरं धरून, ते खरं असेल तर जगात त्याच्या कुठल्या खुणा असायला हव्यात, याचा धीराने घेतलेला हा शोध आहे. समोरच्याच्या दुःखाने डोळे पाणावणं ही करुणेची सुरुवात असेल. वकिलाची करुणा मात्र त्यापुढे जाऊन गाल उजवा की डावा, हे विचारते. अशिलासाठी हळहळणारे पुष्कळ भेटतील. त्याच्यासाठी कागद वाचणारा, घटनास्थळाची मापं डोक्यात ठेवणारा, फिर्यादीतली विसंगती शोधणारा क्वचित भेटतो. गरीब आरोपीला या दुसऱ्याची गरज असते.

मायेलाच्या उलटतपासणीत ही शिस्त सर्वांत कठीण कसोटीला लागते. मायेला खोटं बोलते आहे, आणि तरीही ती पीडित आहे. बाप दारुडा, घर गावाच्या उकिरड्याशेजारी, धाकट्या भावंडांचं सगळं तिच्यावर, मैत्रीण एकही नाही. अ‍ॅटिकस तिला अदबीने हाक मारतो, तर आपली थट्टा चालली आहे असं तिला वाटतं. इतक्या सौजन्याने तिच्याशी आजवर कुणी बोललेलंच नसतं. पुस्तकातल्या लढतीची खरी मांडणी ही आहे: एका बाजूला दुर्बळ, दुसऱ्या बाजूलाही दुर्बळ. करुणा म्हणजे दुबळ्याची बाजू घेणं, असा सोपा नियम इथे मोडून पडतो. दोघांपैकी कुणाच्या दुबळेपणाला मान द्यायचा, हे अंतःकरण ठरवू शकत नाही. ते पुराव्यालाच ठरवावं लागतं. समारोपाच्या भाषणात अ‍ॅटिकस हेच करतो. मायेलाबद्दल आपल्याला कणव आहे, हे तो कबूल करतो, पण एका माणसाचा जीव पणाला लागावा इतकी ती ताणायला नकार देतो. दयेला अशी हद्द घालणं निष्ठुरपणाचं वाटू शकेल. पण हद्द नसलेल्या दयेने काय होतं, ते ज्युरीने थोड्याच तासांत दाखवून दिलं.

यावर काही गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला आक्षेप विधिक्षेत्रातल्या नीतीचे अभ्यासक मनरो फ्रीडमन यांनी 1992 साली घेतला आणि त्यावरून मोठा वाद झाला. अ‍ॅटिकसने टॉमचा खटला आपणहून घेतलेला नव्हता, न्यायाधीश टेलर यांनी तो त्याच्याकडे सोपवला. असला खटला आयुष्यात आपल्या वाट्याला येऊ नये, असंच त्याला वाटत होतं. मग यात शौर्य कुठलं? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. पण नेमून दिलेला वकील म्हणजे त्या काळी काय असे, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मार्च 1931मध्ये अलाबामातच नऊ कृष्णवर्णीय मुलांना मालगाडीतून उतरवून, दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याच्या आरोपाखाली पकडलं गेलं. स्कॉट्सबोरो या गावी दोन आठवड्यांच्या आत खटले उभे राहिले. न्यायाधीशाने आधी गावातल्या सगळ्याच वकिलांना मिळून आरोपींचे वकील म्हणून नेमलं होतं, म्हणजे प्रत्यक्षात कुणालाच नेमलं नव्हतं. खटल्याच्या सकाळपर्यंत मुलांच्या बाजूने कोण उभं राहणार, हे ठरलेलं नव्हतं. नऊपैकी आठ जणांना फाशीची शिक्षा झाली. 1932 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल रद्द केले आणि जिवावर बेतणाऱ्या खटल्यात आरोपीला नावापुरता वकील पुरत नाही, असं ठरवलं. या पार्श्वभूमीवर अ‍ॅटिकसकडे पाहावं. वकीलपत्र त्याच्यावर येऊन पडलं, हे खरं. पण पडलेलं काम नावापुरतं उरकायचं की जीव ओतून करायचं, ही निवड त्याची स्वतःची होती, आणि नावापुरतं केलं असतं तर गावाने त्याला दोष दिला नसता. तो टॉमची बाजू खरोखर लढवतो, यावरच गावाचा राग होता. खटला कसा आला यापेक्षा तो कसा चालवला, यावरून सचोटी जोखली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि मला तो अंशतः मान्य करावा लागतो. स्टीव्हन लुबेट या विधिज्ञाने 1999मध्ये आणि माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009मध्ये, आपापल्या पद्धतीने, अ‍ॅटिकसच्या बचावातल्या एका कच्च्या जागेवर बोट ठेवलं. बलात्काराची तक्रार करणाऱ्या स्त्रीनेच पुढाकार घेतला होता, हा बचाव स्त्रियांच्या विरोधात पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. युएल कुटुंब उकिरड्याच्या कडेचं, गलिच्छ, अडाणी, हे ज्युरीच्या मनावर ठसवणं म्हणजे एका पूर्वग्रहाच्या जागी दुसऱ्याला आवाहन करणं नव्हे काय? आज बलात्काराच्या खटल्यांमध्ये फिर्यादी स्त्रीची जी चिरफाड होते ती आठवली की हा प्रश्न बोचतो, आणि तो बोचायलाच हवा. माझं उत्तर एवढंच की हा आक्षेप मी वर मांडलेल्या कसोटीनेच टिकतो. अ‍ॅटिकस जिथे गालाची बाजू, हाताची शक्ती आणि डॉक्टरचा अभाव यांवर बोलतो, तिथे तो अढळ आहे. मायेलाच्या मनात काय होतं आणि तिने समाजाचा कुठला दंडक मोडला, याचं चित्र तो रंगवतो, तिथे त्याच्या पायाखाली टॉमच्या साक्षीपलीकडे फारसं काही नाही. टॉमचं निर्दोषत्व दाखवायला तेवढ्याची गरजही नव्हती. त्याचा हात पुरेसा होता. एवढी कबुली दिल्याने अ‍ॅटिकस लहान होत नाही. त्याने स्वतः आखलेली रेघ किती अरुंद होती, तेच यातून दिसतं.

अ‍ॅटिकस ही रेघ आणखी एका जागी ओलांडतो, आणि वाचकांना ती जागा सहसा प्रिय असते. कादंबरीच्या शेवटी बॉब युएल अंधारात अ‍ॅटिकसच्या मुलांवर चाकूने हल्ला करतो, आणि वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेला शेजारी बू रॅडली त्यांना वाचवतो. त्यात युएल मरतो. आपल्या मुलाच्या हातून हे झालं, अशी आधी अ‍ॅटिकसची समजूत असते. म्हणून तो प्रकरण दडपायला ठाम नकार देतो. मुलासमोर एक आणि जगासमोर एक असं त्याला वागायचं नसतं. मग मारणारा बू होता, हे लक्षात येतं. युएल स्वतःच्याच चाकूवर पडून मेला असं लिहायचं शेरीफ ठरवतो, आणि अ‍ॅटिकस ते मान्य करतो. लाजऱ्या, एकलकोंड्या बूला गावाच्या कौतुकाच्या गर्दीत ओढणं क्रूरपणाचं ठरेल, हा विचार हृदयाला पटतो. पण टॉमलाही वाचवायला हवं होतं. टॉमसाठी कायद्याची प्रत्येक पायरी पाळली गेली आणि तो तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या खाऊन मेला. बूसाठी दोन भल्या गोऱ्या माणसांनी व्हरांड्यात उभं राहून कायदा बाजूला ठेवला. त्यांचा हेतू निर्मळ होता, यात मला शंका नाही. तरीही पुराव्यापासून सुटलेली दया कुणापर्यंत पोहोचते, हे इथे दिसतं. आपल्यातल्या, आपल्याला ओळखीच्या, आपल्या रंगाच्या माणसापर्यंत ती सहज पोहोचते. दयेला नियमाने बांधायचं ते यासाठीच की ती अनोळखी माणसापर्यंतही पोहोचावी.

तिसरा आक्षेप असा की एकट्या वकिलाच्या चारित्र्याने काय साधतं? टॉम मेलाच. 2015 साली ‘गो सेट अ वॉचमन’ हे लींचं आधी लिहिलेलं हस्तलिखित प्रसिद्ध झालं. त्यातला म्हातारा अ‍ॅटिकस वंशभेदाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या नागरिकांच्या बैठकीत बसलेला पाहून कितीतरी वाचकांना धक्का बसला. खटल्यात एका काळ्या माणसाला न्याय मागणारा माणूस काळ्यांच्या समतेला विरोध करू शकतो, ही गोष्ट कडू आहे, पण अशक्य मुळीच नाही. माणसाची करुणा एका अशिलापुरती मोठी आणि समाजापुरती लहान असू शकते. म्हणून व्यवस्था बदलण्याचं काम वकिलाच्या सुस्वभावावर सोपवता येत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण यावरून कोर्टातल्या सचोटीने काही साधत नाही असा निष्कर्ष काढला, तर इतिहास तो खोडून काढतो. स्कॉट्सबोरोच्या दुसऱ्या फेरीत आरोपींच्या बाजूने सॅम्युएल लिबोविट्झ उभे राहिले. ज्युरीने पुन्हा फाशीच दिली. पण वैद्यकीय साक्ष आणि फिर्यादीची विसंगत जबानी आता कागदावर आली होती. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी जून 1933मध्ये तो पुरावा तपासून ज्युरीचा निर्णय रद्द केला. पुढच्या निवडणुकीत त्यांनी पद गमावलं. ज्युरीच्या यादीत काळ्यांची नावं मागाहून घुसडली गेली होती, हेही लिबोविट्झ यांनी उघड केलं, आणि 1935मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांना ज्युरीतून पद्धतशीर वगळणं घटनाबाह्य ठरवलं. त्या मुलांची वर्षं परत आली नाहीत. पण पुढच्या कितीतरी लोकांसाठी दार किलकिलं झालं ते भाषणाने नव्हे, तर रेकॉर्डवर राहिलेल्या सत्याने. हरलेल्या खटल्यातही प्रामाणिक वकील एक काम करून ठेवतो: वरच्या कोर्टाला डोळे मिटून घेणं तो अवघड करतो.

आणि हे काम अजून संपलेलं नाही, याचा दाखला त्याच मनरोविलमध्ये मिळतो. 1987 साली तिथे वॉल्टर मॅकमिलियन या लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला एका गोऱ्या तरुणीच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. खून झाला त्या वेळी तो घरी होता. घराबाहेर मासे तळून विकण्याचा कार्यक्रम चालला होता आणि त्याला पाहणारी कितीतरी माणसं होती. ती बहुतेक काळी होती, म्हणून त्यांचा शब्द चालला नाही. खटला सुरू होण्याआधीच त्याला फाशीच्या कैद्यांमध्ये ठेवलं गेलं. 1988मध्ये ज्युरीने जन्मठेप सुचवली, तर न्यायाधीशाने ती डावलून फाशी दिली. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांनी त्याची बाजू घेतली, तेव्हा त्यांच्यापाशी करुणा होतीच, पण मॅकमिलियन सुटला तो त्यांच्या चिकाटीच्या तपासामुळे. मुख्य साक्षीदाराच्या जबाबाची पोलिसांनी केलेली टेप त्यांनी उलटी करून ऐकली. दुसऱ्या बाजूला तोच साक्षीदार, आपल्यावर खोटं बोलायची सक्ती होते आहे, अशी तक्रार करत होता. 1993मध्ये मॅकमिलियन निर्दोष सुटला. अ‍ॅटिकसच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या गावात हे घडलं, हे विसरता कामा नये. पुस्तकावर प्रेम केल्याने कुणी न्यायी होत नाही. टेपची दुसरी बाजू ऐकावी लागते.

मराठी प्रेक्षकाला या प्रश्नाचा आपल्या घरचा चेहरा चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटाने दाखवला आहे. मुंबईतले लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप. त्यांचा वकील विनय व्होरा मृत कामगाराच्या विधवेची उलटतपासणी घेतो. इथेही समोर दुर्बळच आहे. त्याचे प्रश्न साधे असतात: नवरा कामाला जायचा तेव्हा सुरक्षेची साधनं होती का, गटारात उतरण्याआधी तो काय करायचा. उत्तरांतून कळतं की साधनं काहीच नव्हती, विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता, आत उतरण्याजोगी हवा आहे का हे पाहायला तो खडा टाकून झुरळं बाहेर येतात का ते बघायचा, आणि वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. आत्महत्येच्या जागी एक वेगळाच गुन्हेगार हळूहळू आकार घेतो, त्या बाईला एक शब्दही न दुखावता. तिचं दुःख आणि आरोपीचं निर्दोषत्व, दोन्ही एकाच उलटतपासणीत रेकॉर्डवर येतात. अ‍ॅटिकसला मायेलाच्या बाबतीत जे पूर्णपणे साधलं नाही, ते इथे साधलं आहे. तरीही कांबळेंची सुटका होत नाही. जामिनावर बाहेर आलेल्या म्हाताऱ्या शाहिराला पुन्हा, आणखी कठोर कायद्याखाली अटक होते. वकिलाच्या सचोटीची सीमा इथेही तीच राहते.

आपल्याकडे निदान कागदावर पाया भक्कम आहे. 1976च्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 39अ आणि 1987चा विधी सेवा प्राधिकरण कायदा गरीब आरोपीला मोफत वकील देतात. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1978च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कैद्याला अपिलासाठी निकालपत्राची प्रत आणि गरज असेल तर वकील, दोन्ही विनामूल्य मिळायला हवेत. निकालपत्राच्या प्रतीचा हा आग्रह मला मोलाचा वाटतो, कारण त्यात न्यायाची खरी समज आहे. माणसाला सहानुभूतीइतकीच स्वतःविरुद्धच्या कागदांची गरज असते. पण कायदा वकील नेमू शकतो, फाईल वाचायला लावू शकत नाही. तिथे माणसाची आपली सचोटी लागते. विधी सेवेच्या पॅनेलवरचा एखादा तरुण वकील, तुटपुंज्या मानधनावर, एका दिवसात अनेक तारखा सांभाळत, ज्याचं नाव उद्या आठवणार नाही अशा आरोपीचा पंचनामा पुन्हा एकदा वाचतो आणि जप्तीची वेळ जबाबाशी जुळत नाही, हे शोधून काढतो, तेव्हा त्याचं कुणी स्मारक बांधत नाही. तरी अ‍ॅटिकसचा खरा वारस तोच आहे. आपण समाज म्हणून त्याच्याकडे भावुक होऊन पाहू नये. त्याला वेळ, पुरेसं मानधन आणि खटल्याचे सगळे कागद वेळेवर मिळतील अशी व्यवस्था मागावी. दुर्बळाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्याची करुणा टिकवायची असेल, तर ती पुराव्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी ठेवणं ही आपली जबाबदारी आहे.